मैफलीपासून मंडपापर्यंत : श्रोता घडवणारे विष्णु दिगंबर पलुस्कर

मुंबई, २० ऑगस्ट : शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाला जाणारा आजचा रसिक तिकीट काढतो, पत्रिकेवर छापलेल्या वेळेला सभागृहात येऊन बसतो, कलावंत मंचावर आला की टाळ्या वाजवून त्याचे स्वागत करतो आणि तानपुरे जुळले की गप्प होतो. शेवटी भजन किंवा भैरवी ऐकून तो घरी परततो. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणी घालून दिला असेल, हे सहसा मनातही येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या जगात यातले फारच थोडे रूढ होते. गाणे दरबारात होते, देवळात होते, धनिकांच्या दिवाणखान्यात आणि कलावंतिणींच्या कोठ्यावर होते. चार पैसे खर्च करून कोणीही यावे आणि मान राखून ऐकावे, अशी जागा मात्र गाण्याला नव्हती. ती जागा मिळवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी आहे. उद्या, २१ ऑगस्ट रोजी, त्यांची पुण्यतिथी आहे.

पलुस्करांची ओळख सामान्यतः गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक, स्वरलिपीकार आणि थोर शिष्यांचे गुरू अशी करून दिली जाते. ती योग्यच आहे. पण त्यांच्या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी एक प्रश्न सतत दिसतो. समोर बसलेल्या माणसांपर्यंत गाणे पोहोचवायचे कसे, आणि ती माणसे गाण्याची व्हावीत यासाठी गायकाने काय करायचे, हा तो प्रश्न. कुरुंदवाड, मिरज, लाहोर, मुंबई आणि नाशिक अशा टप्प्यांनी झालेल्या त्यांच्या प्रवासात या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ठिकाणी थोडे पुढे सरकत गेले.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळचे हे गाव तेव्हा पटवर्धनांच्या एका छोट्या संस्थानाची राजधानी होते. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. त्यामुळे मुलाच्या कानावर पहिले संस्कार झाले ते कीर्तनाचे, आणि पुढच्या साऱ्या वाटचालीच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

कीर्तनकाराला श्रोत्यांचे लक्ष आयते मिळत नाही. तो उभा राहून बोलतो, गातो. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण करतो, मध्यंतरात सर्वांकडून नामघोष करवून घेतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. समोर म्हातारी माणसे असतात, दिवसभर राबून आलेले शेतकरी असतात, पेंगुळलेली मुले असतात. गाण्याची गोडी असणारे त्यांत थोडेच. शब्द स्पष्ट ऐकू आले नाहीत तर कथा हातची जाते आणि वेळेचे भान सुटले तर मंडळी उठून जातात. अशा समुदायाला दोन-तीन तास बांधून ठेवण्याची ही विद्या विष्णूने लहानपणी घरातच पाहिली होती.

बालपणीच एक आघात झाला. दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका फुटून त्याच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. उपचारांसाठी त्याला मिरजेला नेण्यात आले. दृष्टी पूर्ण गेली नाही, तरी वाचन-लेखनावर अवलंबून असलेले शिक्षण पुढे चालू ठेवणे अवघड झाले. गळा चांगला असल्याने मुलाने गाणे शिकावे असे ठरले, आणि मिरजेत पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्याची तालीम सुरू झाली.

बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँ यांच्या परंपरेतले. ही विद्या मिळवण्यासाठी बुवांनी स्वतः अपार कष्ट उपसले होते आणि शिष्यांकडूनही ते तेवढ्याच कष्टांची अपेक्षा करीत. विष्णु दिगंबरांनी त्यांच्याकडे अनेक वर्षे रियाज केला. मिरजेच्या संस्थानिकांचा त्यांच्यावर लोभ होता. राहण्या-जेवण्याची ददात नव्हती. शिक्षण पुरे झाल्यावर एखाद्या दरबारात नोकरी धरावी आणि सुखाने आयुष्य काढावे, हा मार्ग त्यांच्यासाठी मोकळा होता.

तो मार्ग त्यांनी का सोडला, याविषयी एक प्रसंग त्यांच्या चरित्रांतून नेहमी सांगितला जातो. मिरजेत एक समारंभ होता. राजाच्या मर्जीतले म्हणून विष्णु दिगंबरांना त्याचे निमंत्रण आले, पण बाळकृष्णबुवांना आले नाही. चौकशी केल्यावर कळले की गवयाला अशा प्रतिष्ठितांच्या समारंभात बोलावण्याची पद्धत नाही. ज्यांच्या पायाशी बसून विद्या घेतली, त्यांना गावात ही किंमत असेल, तर उद्या आपल्यालाही याहून वेगळे काही मिळणार नाही, हे त्यांना त्या दिवशी उमगले. दरबार गाण्याला पोसत होता, पण गाणाऱ्याला बरोबरीने बसवत नव्हता. १८९६ मध्ये चोविसाव्या वर्षी त्यांनी मिरज सोडली.

त्यानंतरची चार-पाच वर्षे भ्रमंतीची होती. सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा त्यांचा प्रवास झाला. बडोदे आणि ग्वाल्हेर या संगीतप्रेमी संस्थानांत त्यांचे गाणे झाले आणि वाखाणलेही गेले. पण याच प्रवासात, सौराष्ट्रात, त्यांनी एक वेगळा प्रयोग केला. राजवाड्यातील निमंत्रितांपुढे न गाता त्यांनी सार्वजनिक ठिकाणी कार्यक्रम ठेवला आणि प्रवेशासाठी अल्पसे मूल्य आकारले. शास्त्रीय गायकाने सर्वसामान्यांसाठी तिकीट लावून केलेल्या अगदी आरंभीच्या मैफलींत तिची गणना होते.

तिकीट ही कल्पना नवी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल १८८० मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी प्रेक्षक पैसे देऊन नाट्यपदे ऐकत होता. मुंबईत पारशी गायन उत्तेजक मंडळी १८७० मध्ये आणि पुण्यात गायन समाज १८७४ मध्ये स्थापन झाला होता, आणि सुशिक्षितांनी संगीताकडे वळावे यासाठी त्यांची खटपट चालू होती. पलुस्करांचे वेगळेपण असे की, त्यांनी स्वतःच्या उपजीविकेची आणि प्रतिष्ठेची सारी मदार या अनोळखी श्रोत्यावर ठेवली. राजाची बिदागी मर्जीवर अवलंबून असते. मर्जी फिरली की ती संपते. चार-आठ आणे देणाऱ्या शंभर माणसांची मर्जी एकाच वेळी फिरत नाही, पण ती दर वेळी नव्याने मिळवावी लागते. हा सौदा त्यांनी जाणीवपूर्वक पत्करला.

गिरनारवर भेटलेल्या एका साधूने त्यांना उत्तरेकडे, पंजाबात जाऊन कार्य करण्याचा उपदेश केला, अशी आख्यायिका आहे. मथुरेत त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला. त्यामागे व्यावहारिक कारणही दिसते. ख्यालाच्या बंदिशी बहुतांशी ब्रजभाषेत असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शिकवल्या गेल्याने त्यांचे शब्द झिजलेले, कित्येकदा अर्थहीन झालेले असत. दरबारातल्या जाणकाराला त्याचे फारसे वाटत नसे, कारण त्याचे लक्ष रागाच्या मांडणीकडे आणि तानेच्या पेचांकडे असे. पण प्रथमच गाणे ऐकायला आलेल्या दुकानदाराला किंवा शाळामास्तराला धरायला पहिला आधार शब्दांचाच असतो. शब्द शुद्ध आणि स्पष्ट असले पाहिजेत हा पलुस्करांचा आग्रह पुढे त्यांच्या सगळ्या शिष्यांच्या गाण्यात उतरला.

पंजाबात जालंधरचे हरवल्लभ संगीत संमेलन तेव्हाही भरत असे. पलुस्करांनी तेथे हजेरी लावली आणि पंजाबच्या संगीतप्रेमींशी त्यांचे नाते जुळले. पुढे लाहोर हे त्यांनी कार्यक्षेत्र म्हणून निवडले. लाहोर त्या वेळी पंजाबची राजधानी आणि शिक्षणाचे मोठे केंद्र होते. महाविद्यालये होती, वृत्तपत्रे होती, सामाजिक आणि धार्मिक सुधारणांच्या चळवळी होत्या. मराठी मुलखापासून इतक्या दूर, कोणाचीही ओळखदेख नसलेल्या या शहरात ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. एखाद्या संस्थानिकाच्या कायमच्या आश्रयावर ते उभे नव्हते. मैफलींचे उत्पन्न आणि लोकांच्या देणग्या यांवर ते चालवायचे होते.

आरंभीचे दिवस कठीण होते. विद्यार्थी येईनात. तरीही ठरलेल्या वेळी ते तानपुरा घेऊन बसत आणि वर्गाच्या ठरलेल्या वेळेपर्यंत रियाज करीत, असे सांगतात. हळूहळू मुले येऊ लागली. कुलीन घरांतल्या स्त्रियांनी गाणे शिकणे त्या काळी लाजिरवाणे मानले जाई. त्यांच्यासाठीही वर्ग निघाले. ठरावीक अभ्यासक्रम, परीक्षा, पदव्या, वेळापत्रक अशी इंग्रजी शाळेची घडी त्यांनी संगीताला लावली. स्वतःची स्वरलिपी तयार केली, छापखाना काढला, संगीत बालप्रकाश, राग प्रवेश यांसारख्या क्रमिक पुस्तकांच्या माला छापल्या आणि संगीतामृत प्रवाह हे मासिक चालवले. निवडक विद्यार्थ्यांना घरी ठेवून, दीर्घ मुदतीच्या करारावर विनामूल्य शिकवून त्यांतून उपदेशक म्हणजे संगीताचे प्रचारक तयार केले.

इतक्या विद्यार्थ्यांमधून किती तानसेन निर्माण होणार, असा खोचक प्रश्न त्यांना विचारला गेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तानसेनालाही दुसरा तानसेन घडवता आला नाही, आपल्याला घडवायचे आहेत ते कानसेन, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे सांगितले जाते. या उत्तरात त्यांच्या विद्यालयाचे गमक आहे. वर्षभर सरगम घोटलेला कारकून मोठा गवई होणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण यमन आणि भूप यांतला फरक त्याला कळेल, सम कोठे येते ते तो हातावर मोजू लागेल, आणि पुढच्या मैफलीत तो पुढच्या रांगेत बसेल. विद्यालय आणि मैफल ही त्यांच्या दृष्टीने एकाच व्यवहाराची दोन टोके होती. मैफलीच्या पैशावर विद्यालय चाले आणि विद्यालय मैफलीला कान पुरवी.

मैफलीची रीतही त्यांनी बदलली. जुन्या बैठकीत गवई उशिरा येई, साज लावण्यात बराच वेळ जाई, यजमानांच्या गप्पा आणि पानसुपारी गाण्याबरोबर चाले. एक राग तासन्‌तास रंगे. समोरचे चार जाणकार माना डोलावत आणि बाकीचे कंटाळून उठून जात. गाताना तोंडे वेडीवाकडी करणे, हातवाऱ्यांनी ताना दाखवणे, तबलजीशी झटापट करणे यांतच कौशल्य आहे असे मानणारेही कमी नव्हते. पलुस्करांनी जाहीर केलेल्या वेळेला कार्यक्रम सुरू करण्याचा दंडक घातला. बसण्याची ढब, पोशाख आणि मुद्रा यांत संयम आणला. रागाचा विस्तार आटोपशीर ठेवून ते एका बैठकीत विविध प्रकार सादर करीत. ख्यालाबरोबर तुलसीदास, सूरदास, कबीर, मीराबाई यांची पदे गात. शिष्यांनाही मंचावर आणून त्यांच्याकडून गाऊन घेत.

ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात मोठ्या जमावासमोर गाणे ही शारीरिक कसोटीही होती. दिवाणखान्यात दहा हातांवर बसलेल्यांना ऐकू जाईल अशी नाजूक हरकत मंडपात विरून जाते. म्हणून आवाज मोकळा, खणखणीत आणि सुरात पक्का हवा. ग्वाल्हेर गायकीचा खुला आवाज आणि सरळ, ठसठशीत मांडणी या गरजेला अनुकूल होती. घराण्याकडून मिळालेला हा वारसा पलुस्करांनी नव्या श्रोत्यासाठी उपयोगात आणला.

श्रोत्यांकडूनही त्यांच्या अपेक्षा होत्या. गाणे चालू असताना बोलू नये, मध्येच उठू नये, गायकाला मान द्यावा, हे ते ठामपणे सांगत. गायकाने वेळ पाळावी आणि श्रोत्याने शांतता पाळावी, असा हा दुहेरी करार होता. मिरजेत गुरूला नाकारलेले निमंत्रण त्यांच्या मनातून कधी गेले नाही, हे या आग्रहामागे स्पष्ट दिसते. लोकांना जिंकायचे म्हणून त्यांच्यापुढे लवायचे, ही रीत त्यांनी स्वीकारली नाही.

लाहोरचा जम बसल्यावर १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालयाची शाखा निघाली आणि लवकरच तीच त्यांच्या कार्याचे मुख्य केंद्र झाली. गिरगावच्या परिसरात सँडहर्स्ट रस्त्यावर विद्यालयाची स्वतंत्र इमारत उभी राहिली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर असे पुढे नावारूपाला आलेले शिष्य या काळातले. १९१८ नंतर विद्यालयाच्या वतीने संगीत परिषदाही भरवल्या गेल्या. वेगवेगळ्या घराण्यांचे कलावंत एका मंचावर यावेत आणि सर्वसामान्यांना ते ऐकता यावेत, हा त्यांमागील हेतू होता. याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे हे बंदिशींचे संकलन आणि शास्त्राची मांडणी यांत गुंतले होते. दोघांच्या स्वरलिपी वेगळ्या, स्वभाव वेगळे आणि मार्गही वेगळे. भातखंड्यांनी ग्रंथ आणि शास्त्र यांवर भर दिला, तर पलुस्करांनी शिक्षक आणि श्रोता यांच्यावर.

या काळात पलुस्करांसमोरचा समुदाय आणखी मोठा झाला. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गाऊ लागले. हजारो प्रतिनिधींच्या मंडपात, भाषणांच्या गदारोळापूर्वी, एका गायकाच्या आवाजाने सभा शांत होत असे. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात मात्र कसोटीचा प्रसंग आला. अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी धार्मिक कारणावरून व्यासपीठावरील संगीताला हरकत घेतली. राष्ट्रसभेचा मंडप ही कोणत्या एका धर्माची जागा नाही, अशी भूमिका घेऊन पलुस्करांनी गाणे पूर्ण केले. या प्रसंगाचा अर्थ तेव्हापासून वेगवेगळ्या प्रकारे लावला गेला आहे. गायकाचा स्वाभिमान म्हणून त्याचे कौतुक झाले, तसेच राष्ट्रीय व्यासपीठावर कोणते गीत सर्वांचे मानायचे या पुढे चिघळलेल्या वादाची ती चाहूलही होती.

मुंबईतल्या यशाला दुसरी बाजू होती ती पैशाची. इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटेना. विद्यार्थ्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च, छापखाना, शाखा यांचा भार मैफलींच्या उत्पन्नावर होता. पलुस्कर गावोगाव हिंडून कार्यक्रम करीत, आलेली रक्कम कर्जात जाई आणि व्याज वाढतच राही. अखेर १९२० च्या दशकात कर्जापोटी विद्यालयाच्या इमारतीचा लिलाव झाला. लोकांच्या आश्रयावर संस्था उभी राहू शकते हे त्यांनी सिद्ध केले होते. तो आश्रय किती अपुरा पडू शकतो, हेही त्यांनाच भोगावे लागले.

या सुमारास त्यांच्या वृत्तीत खोल पालट झाला होता. भगवी वस्त्रे अंगावर आली आणि रामनामाकडे ओढा वाढला. नाशिकच्या पंचवटीत त्यांनी श्रीरामनाम आधार आश्रम काढला. तुलसीदासांच्या रामचरितमानसावर ते गायनासह प्रवचने करू लागले. त्यांच्या काही चाहत्यांना हा गायकाचा ऱ्हास वाटला. ज्यांच्याकडून तयारीचा ख्याल ऐकायचा, ते आता टाळ आणि नामघोषात रमले, अशी खंत व्यक्त झाली. पण कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा मुलगा फिरून वडिलांच्याच अंगणात आला होता, असेही या बदलाकडे पाहता येते.

रामधुनीची आज देशभर परिचित असलेली चाल पलुस्करांची मानली जाते. तिची घडण पाहिली तर त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाचे सार तिच्यात दिसते. ओळी छोट्या आहेत. चाल मोजक्या स्वरांत फिरते, त्यामुळे न शिकलेल्या गळ्यालाही ती पेलते. एकाने म्हणायचे आणि समुदायाने मागून म्हणायचे, अशी तिची रीत आहे. एक-दोन आवर्तनांत नवखा माणूसही सामील होतो. दरबारात एक राजा ऐकत होता, सभागृहात तिकीट काढून आलेले शेकडो ऐकत होते. येथे ऐकणारा आणि गाणारा हा भेदच उरला नाही.

या धुनीला देशव्यापी रूप मिळाले ते महात्मा गांधींच्या प्रार्थनासभांमुळे. पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात संगीताची जबाबदारी सांभाळत होते. आश्रम भजनावलीचे संकलन त्यांनी केले. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेल्या दांडी यात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. वाटेतल्या गावांत सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांतून भजने आणि धून हजारोंच्या मुखी गेली. गायकाने समुदायाला गाते करण्याचा याहून मोठा प्रयोग त्या काळात क्वचितच झाला असेल.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत विष्णु दिगंबरांचे निधन झाले. ते ५९ वर्षांचे होते. ज्या गावात त्यांनी विद्या घेतली आणि जे गाव त्यांनी अपमानाच्या जाणिवेने सोडले, तेथेच त्यांचा शेवट झाला. मुलगा दत्तात्रेय त्या वेळी अवघा दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांकडे त्याची तालीम झाली. द. वि. पलुस्कर या नावाने त्याने उमटवलेला ठसा, १९५२ च्या बैजू बावरा चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासह गायलेली जुगलबंदी आणि १९५५ मधील त्याचा अकाली मृत्यू हा भारतीय संगीतातला आणखी एक चटका लावणारा अध्याय आहे.

गुरूंच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ मध्येच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. पुढच्या वर्षी विनायकरावांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९३९ मध्ये त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी दिल्लीत ते काम नेले. देवधरांनी मुंबईत स्वतंत्र विद्यालय चालवले आणि कुमार गंधर्वांसारखा शिष्य घडवला. ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे अध्यापन उभे केले. शब्दांतील भाव श्रोत्यांपर्यंत थेट पोहोचवण्याची त्यांची नाट्यमय शैली वादग्रस्त ठरली, तरी सभा जिंकण्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून त्यांच्या आवाजात वंदे मातरम् प्रसारित झाले. त्या प्रसंगी गायनाचा मान पलुस्करांच्या शिष्याकडे जावा, यात गुरूच्या कार्याची एक पूर्ती होती.

पलुस्करांच्या कार्याची चिकित्साही अलीकडच्या अभ्यासकांनी केली आहे, आणि ती टाळता येणार नाही. सुशिक्षित मध्यमवर्गाला संगीताकडे आणताना त्यांनी शृंगारिक रचना बाजूला सारल्या आणि भक्तिपर पदांना अग्रस्थान दिले. त्यामुळे मैफलीचे वातावरण घरंदाज कुटुंबांना आपलेसे वाटू लागले, पण ज्या कलावंतिणींनी ठुमरी-दादऱ्यासह कितीतरी विद्या जिवंत ठेवली होती, त्यांच्यासाठी या नव्या मंचावर जागा उरली नाही. विद्यालयातील प्रार्थना, पूजा आणि आचार यांना हिंदू धार्मिक वळण होते. ज्या मुसलमान उस्तादांच्या परंपरेतून स्वतः पलुस्करांची गायकी आली, त्यांच्या वंशजांना हे वातावरण कितपत आपले वाटले असेल, हा प्रश्न उरतो. ठरावीक अभ्यासक्रमाने विद्या अनेकांपर्यंत गेली, पण गुरूच्या सहवासातून मिळणारी खोली कमी झाली, असाही आक्षेप आहे. श्रोत्यांचे वर्तुळ मोठे करताना पलुस्करांनी त्याची कडही आखली. आतले आणि बाहेरचे ठरवणारी ती कड पुसण्याचे काम पुढच्या पिढ्यांकडे आले.

तरीही त्यांच्या कार्याचे मोल या आक्षेपांनी संपत नाही. १९७३ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. दिल्लीत गांधर्व महाविद्यालयातर्फे त्यांच्या जयंतीनिमित्त संगीत समारोह होतो. प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांना बसणारे विद्यार्थी देशाच्या कानाकोपऱ्यांत आणि परदेशांतही आहेत. त्यांच्यापैकी फार थोडे व्यावसायिक गायक होतात. बाकीचे नोकरी-धंद्यात जातात, संसारात रमतात आणि एखाद्या संध्याकाळी आपल्या शहरातल्या सभागृहात जाऊन बसतात. मंचावरच्या कलावंताने समेवर येताना समोर पाहिले, की त्यांची मान त्याच क्षणी डोलते. विष्णु दिगंबरांनी लाहोरच्या रिकाम्या वर्गात तानपुरा छेडत ज्यांची वाट पाहिली, ते श्रोते हेच.